लघुग्रहाच्या बारशाला आत्या कोण?

मागच्या अंकात लघुग्रहांवर, म्हणजे सूर्याभोवती फिरणाऱ्या, ग्रहांपेक्षा बारक्या दगडांवर दोन पानं लिहिली होती, त्यात जाता जाता एक वाक्य टाकलं होतं की 300128 नंबरच्या लघुग्रहाचं नाव 'पंडितजसराज' आहे, आणि झालं, इनबॉक्समधले निम्मे प्रश्न त्या एका वाक्यावरच. लघुग्रह कशाचे बनलेत, आपल्यावर कधी आदळणार वगैरे राहिलं बाजूला, सगळ्यांना नावांचीच पडलीये. बरं आहे, मलाही तोच भाग जास्त आवडतो. म्हणून यावेळी अख्खा कॉलम नावांचा. काही प्रश्न लांबलचक होते ते छाटलेत, राग मानू नका.

प्रश्न: काका, लघुग्रहाला नाव कोण देतं? मी शोधला तर माझं नाव देता येईल का?
(सातवीतला वाचक, चिपळूण)

आपल्याकडे बारशाला बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव कोण सांगतं? आत्या. लघुग्रहाची आत्या म्हणजे ज्याने तो शोधला तो माणूस किंवा ती टीम. पण इथे आत्याने नुसतं कानात सांगून भागत नाही, ते नाव आंतरराष्ट्रीय खगोल संघाचा एक गट आहे दहा-पंधरा खगोलतज्ज्ञांचा, त्यांच्याकडे पाठवावं लागतं, सोबत हे नाव का ते सांगणारी दोन-चार ओळींची टिपणी, मग ते मत देतात आणि पास झालं की त्यांच्या पत्रिकेत छापून येतं. छापून आलं की पक्कं.

पण बारशाच्या आधीची भानगड मोठी आहे. दवाखान्यात बाळ जन्मलं की त्याच्या मनगटाला पट्टी बांधतात ना, 'बेबी ऑफ अमुक तमुक', तसं लघुग्रहाला आधी एक तात्पुरता कोड मिळतो. पंडितजींच्या लघुग्रहाचा कोड होता 2006 व्हीपी32. हा वाचायचा कसा ते एकदा कळलं की मजा येते. 2006 म्हणजे सापडला ते वर्ष. मग वर्षाचे 24 पंधरवडे पाडायचे, जानेवारीचा पहिला पंधरवडा ए, दुसरा बी, फेब्रुवारीचा पहिला सी, असं करत जायचं, फक्त 'आय' हे अक्षर गाळायचं कारण ते एकच्या आकड्यासारखं दिसतं, आणि झेडची गरजच पडत नाही. बोटं मोजून बघ, 'व्ही' येतो नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्याला. आणि तो सापडला होता 11 नोव्हेंबरला, बरोबर बसलं. पुढचं 'पी' म्हणजे त्या पंधरवड्यातला कितवा ते. परत 'आय' सोडून मोज, पी पंधरावं अक्षर. पण एका पंधरवड्यात 25 पेक्षा जास्त सापडले तर? तर अक्षरं परत ए पासून सुरू, आणि किती फेऱ्या पूर्ण झाल्या तो आकडा शेवटी लावायचा. 32 फेऱ्या म्हणजे 32 गुणिले 25, 800, अधिक 15. म्हणजे त्या पंधरा दिवसांत नोंदला गेलेला हा 815वा. एवढ्या गर्दीत कोण कोणाला नाव देत बसणार, सांग.

आता हा कोड मिळाला म्हणजे काम झालं असं नाही. तो परत परत दिसायला हवा, वेगवेगळ्या वर्षांत वेध घ्यायला हवेत, कक्षा पक्की व्हायला हवी. ती झाली की कायमचा नंबर मिळतो आणि नंबर मिळाल्यावर मग बारशाचा हक्क. तो हक्क शोधकाकडे दहा वर्षं राहतो. आज नंबर मिळालेले लघुग्रह साडेसात लाखांच्या वर आहेत आणि नाव असलेले जेमतेम 25 हजारांच्या आसपास, म्हणजे बहुतेक सगळे अजून नंबरवरच दिवस काढतायत. त्यात एका शोधकाला दोन महिन्यांत मोजकीच नावं पाठवता येतात, नाहीतर गटातली माणसं नावं वाचूनच म्हातारी व्हायची.

पेपरमध्ये अधूनमधून बातमी येते बघ, अमुक शाळेच्या मुलांनी लघुग्रह शोधला. ते खोटं नसतं, मोठ्या दुर्बिणींचे फोटो शाळांना पाठवतात आणि मुलं कॉम्प्युटरवर त्यात सरकणारा ठिपका शोधतात. पण ती बातमी मनगटाच्या पट्टीच्या स्टेजची असते, बारसं व्हायला पुढे बरीच वर्षं जातात. तू आत्ता सातवीत आहेस म्हणजे आत्ता सुरू केलंस तर कॉलेज संपेपर्यंत काहीतरी हातात येईल.

आणि स्वतःचं नाव? ते चालीत बसत नाही रे. धूमकेतूचं उलटं आहे, तिथे शोधणाऱ्याचं नाव आपोआप लागतं. इथे आत्या स्वतःचं नाव भाचीला ठेवत नाही, तसंच. तुझ्या मित्राला सांग शोधायला, तो तुझं देईल, तू त्याचं दे.

प्रश्न: माझ्या मिस्टरांची साठी आहे. त्यांच्या नावाने लघुग्रह विकत घेता येतो का? किती खर्च येतो? ऑनलाइन ताऱ्यांचं सर्टिफिकेट मिळतं तसं?
(एक वाचक, सांगली)

ताई, नाही. आणि ते ताऱ्याचं सर्टिफिकेट पण घेऊ नका. माझ्याच भाच्याने लग्नाच्या वाढदिवसाला बायकोला 'तारा' दिला, फ्रेमबिम करून, आणि मग दोघं माझ्या गच्चीवर आले की काका तुमच्या दुर्बिणीतून आमचा तारा दाखवा. नकाशात दिलेल्या जागी मी अर्धा तास शोधत होतो, शहराच्या उजेडात तिथे काहीच दिसेना, शेवटी जवळचा एक बरा तारा दाखवून वेळ मारून नेली. सुनबाई वाचत असतील तर सॉरी. त्या कागदाला खगोलशास्त्रात काडीची किंमत नाही, खगोल संघ कसलंच नाव विकत नाही, ना ताऱ्याचं ना लघुग्रहाचं.

पण तुमच्यासारखा विचार करणारं पूर्वी कोणी नव्हतं असं नाही हां. व्हिएन्नाचा योहान पालिसा म्हणून एक खगोलशास्त्रज्ञ होता, नुसत्या डोळ्याने दुर्बिणीतून बघून त्याने 122 लघुग्रह शोधले, फोटोग्राफी न वापरता, एवढे आजवर कोणी शोधलेले नाहीत. त्याला ऑगस्ट 1886 चं खग्रास सूर्यग्रहण बघायला जायचं होतं आणि खिशात पैसे नव्हते. तर त्याने 1885 मध्ये सरळ जाहिरातच दिली की 50 पौंड द्या आणि माझ्या लघुग्रहाला नाव ठेवा! आणि व्हिएन्नाच्या रोथशिल्ड या बँकवाल्या घराण्यातले बॅरन आल्बर्ट यांनी पैसे दिले, बायकोचं नाव ठेवलं, 250 नंबरचा लघुग्रह 'बेटिना'. हौसेला मोल नाही म्हणतात, इथे होतं, 50 पौंड.

याची पुढची गंमत ऐका. 1911 मध्ये हे बॅरन वारले, त्याच वर्षी पालिसाला अजून एक लघुग्रह सापडला, त्याला त्याने 'आल्बर्ट' नाव दिलं, नंबर 719. आणि तो हरवला! म्हणजे पुरेसे वेध मिळाले नाहीत आणि गेला कुठे कळेना. तो परत सापडला थेट 2000 साली, 89 वर्षांनी. बायकोची बेटिना मात्र पहिल्यापासून आपल्या कक्षेत गुमान फिरतेय.

साठीला त्यांना एक चांगली दुर्बीण घ्या, दोघं मिळून बेटिना शोधा. फक्त लहान घेऊ नका, ती बरीच अंधुक आहे.

प्रश्न: सुरुवातीच्या सगळ्या लघुग्रहांना बायकांचीच नावं का? वर्गात मुलींनी विचारलं, मला उत्तर आलं नाही.
(विज्ञान शिक्षिका, लातूर)

मुलींना माझ्याकडून शाबासकी द्या, चांगलं पकडलंय.

पहिला लघुग्रह सापडला 1 जानेवारी 1801 ला, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच रात्री, सिसिलीतल्या पालेर्मोमध्ये. शोधणारा ज्युझेप्पे पियाझ्झी, पेशाने धर्मगुरू. त्याने नाव दिलं 'सेरेस फर्डिनांडिया'. सेरेस ही रोमन लोकांची धान्याची देवी, सिसिलीची ग्रामदेवताच म्हणा ना, आणि फर्डिनांड म्हणजे तिथला राजा, ज्याच्या पैशावर वेधशाळा चालायची. राजाचं शेपूट इतर देशांच्या खगोलशास्त्रज्ञांनी काही चालू दिलं नाही, देवी तेवढी राहिली. सकाळी दुधात घालून खातो ते सिरियल, त्याच्यातही हीच देवी आहे. मग पॅलस, जूनो, व्हेस्टा, सगळ्या देव्या. मोठे ग्रह पुरुष देवांच्या नावाचे (शुक्र सोडून, तो त्यांच्याकडे व्हीनस) आणि या बारक्यांना देव्या, असा प्रघातच पडला. यात सन्मान किती आणि 'बारकं म्हणून बायकांना' किती हे तुमच्या मुलींना ठरवू द्या.

पुढे गंमत अशी झाली की देव्या संपत आल्या. 1850 मध्ये लंडनच्या हाइंडने 'व्हिक्टोरिया' नाव दिलं, अमेरिकन लोक भडकले की जिवंत राणीचं नाव कसं देता, तर हाइंड म्हणतो छे छे, ही तर रोमन विजयदेवी! दोन्ही खरं होतं, हुशार माणूस. अमेरिकेत काही काळ त्याच लघुग्रहाला 'क्लिओ' म्हणत होते. 1857 मध्ये हर्मन गोल्डश्मिट या पॅरिसमधल्या चित्रकाराने 'युजेनिया' शोधला, नाव फ्रान्सच्या सम्राज्ञीचं, यावेळी आडपडदा नाही. हा गोल्डश्मिट एका कॅफेच्या वरच्या मजल्यावर राहायचा आणि तिथूनच त्याने 14 लघुग्रह शोधले. खाली लोक कॉफी पितायत आणि वर हा दुर्बिणीला डोळा लावून, मला हे चित्र फार आवडतं.

तोपर्यंत सवय एवढी पक्की झालेली की पुरुषाचं नाव द्यायचं असेल तर त्याचं आधी स्त्रीलिंग करायचं. हुम्बोल्टसारखा केवढा मोठा शास्त्रज्ञ, आलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट, त्याच्या नावाचा लघुग्रह 54 नंबरचा 'आलेक्झांड्रा'. 1000 नंबरपासून ओळीने पियाझ्झी, गाउस, ओल्बर्स या शास्त्रज्ञांची नावं दिली ती सुद्धा पियाझ्झिया, गाउसिया, ओल्बर्सिया. राम्या, गण्या, शाम्या केल्यासारखं वाटतं वाचताना. सरळ पुरुषी नाव पहिल्यांदा मिळालं 1898 मध्ये, 433 'इरॉस', कारण तो पट्ट्यातल्या बाकीच्यांसारखा मंगळ आणि गुरूच्या मध्ये फिरत नव्हता, मंगळाच्या कक्षेच्या आत येत होता. वेगळा वागला म्हणून वेगळं नाव.

प्रश्न: छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव लघुग्रहाला देता येईल का? राजकीय माणसांची नावं चालत नाहीत असं ऐकलं.
(एक वाचक, कोल्हापूर)

अर्धवट ऐकलंय तुम्ही. राजकारण किंवा लढाईमुळे प्रसिद्ध माणसांची, घटनांची नावं चालतात, पण माणूस जाऊन किंवा घटना घडून 100 वर्षं झालेली असायला हवीत. महाराज 1680 मध्ये गेले, म्हणजे हा नियम आडवा येतच नाही. टिळक 1920 मध्ये गेले, त्यांचीही शंभर झाली. आजच्या कुठल्या नेत्याचं नाव त्यांच्या कार्यकर्त्यांना द्यायचं असेल तर मात्र पणतवंडांवर सोपवा.

अडचण येईल ती अक्षरांची. इंग्रजी स्पेलिंगमध्ये जास्तीत जास्त 16 अक्षरं, शक्यतो एकच शब्द, आणि उच्चारता येईल असा. मी वहीवर मांडून बघितलं. 'छत्रपती'ची 11 होतात, 'शिवाजी'ची 7, दोन्ही मिळून 18, बाद. 'शिवाजीमहाराज' एकत्र लिहिलं तर 14, बसतं! लोकमान्यटिळक 13, तेही बसतं. म्हणूनच पंडितजसराज जोडून लिहिलंय, 12 अक्षरं. बाकी अट एवढीच की आधीच्या कुठल्या नावाशी फार साधर्म्य नको, कोणाला लागेल असं नको, आणि कंपनी किंवा मालाची जाहिरात नको. पूर्वी हे एवढं कडक नव्हतं, 'स्विसएअर' नावाचा लघुग्रह आहे, आता तसलं पास होत नाही.

म्हणजे नियमात बसतंय, फक्त ज्याच्याकडे हक्क आहे अशा कोणीतरी ते सुचवायला हवं. कोल्हापुरातल्या पोरांनी लघुग्रह शोधायला लागा, एवढंच सांगतो.

प्रश्न: आपल्या देवादिकांची आणि भारतीय माणसांची नावं किती आहेत?
(एक वाचक, नाशिक)

यादी देत बसलो तर अंक संपेल, मला आवडणारी सांगतो.

सीता. नंबर 244, सापडली 1884 मध्ये, आणि शोधणारा कोण? तोच 50 पौंडवाला पालिसा! म्हणजे व्हिएन्नाच्या थंडीत बसून त्या माणसाने रामायणातलं नाव उचललं. बेल्जियमच्या देल्पोर्तने 1930 मध्ये शोधलेला 1170 'शिव'. 2415 'गणेश', 2629 'रुद्र', 4034 'विष्णू', आणि यातले विष्णूमहाराज पृथ्वीच्या कक्षेजवळून जातात. 20000 या गोल नंबराला 'वरुण', तो पार नेपच्यूनच्या पलीकडे, सूर्याभोवती एक चक्कर मारायला पावणेतीनशे वर्षांच्या वर. इथे आपल्या लोकांचा घोळ होतो कारण मराठी पुस्तकांत नेपच्यूनलाच वरुण म्हणायची पद्धत होती, अजूनही पत्रिकावाले म्हणतात. त्या हिशोबाने वरुणाच्या पलीकडे वरुण.

भारतातून शोधलेला पहिला म्हणजे 67 'आशिया'. मद्रासच्या वेधशाळेत नॉर्मन पॉगसन नावाचा इंग्रज होता, त्याला 17 एप्रिल 1861 ला सापडला. आशिया खंडातून सापडलेला पहिला लघुग्रह म्हणून आशिया, आणि ग्रीक पुराणात आशिया नावाची एक देवीही आहे, म्हणजे देव्यांची परंपराही सांभाळली. पॉगसनचा मद्रासचा शेवटचा 1885 मध्ये. त्यानंतर आपल्याकडे शंभरेक वर्षं शांतता, आणि मग फेब्रुवारी 1988 मध्ये तमिळनाडूतल्या कावलूर वेधशाळेतून आर. राजमोहन यांना एक मिळाला, त्याला नाव दिलं 'रामानुजन', नंबर 4130. तात्पुरता कोड 1988 डीक्यू1. चिपळूणच्या दोस्ताला होमवर्क, हा उलगडून दाखव.

खगोलशास्त्रज्ञ चंद्रशेखर यांच्या नावाचा 1958 नंबरचा 'चंद्र', खगोल संघाचं अध्यक्षपद भूषवलेले वेणू बाप्पू यांचा 2596. कोलंबिया यान 2003 मध्ये कोसळलं त्यातल्या सातही जणांना ओळीने नंबर दिलेत, 51823 पासून 51829 पर्यंत, त्यात 51826 कल्पना चावला. आकाशात कुठे कुठे फिरत असतील ते, पण लघुग्रहांच्या नोंदवहीत सात नावं एकाखाली एक आहेत, ते पान बघितलं की दोन मिनिटं बोलावंसं वाटत नाही.

विश्वनाथन आनंदचा 4538 'विशीआनंद'. हा 1988 मध्ये जपानमध्ये सापडलेला, वर्षानुवर्षं बिननावाचा पडून होता, शेवटी लघुग्रहांची वही सांभाळणाऱ्या ऑफिसातल्या एका बुद्धिबळवेड्या माणसाने 2015 मध्ये आनंदचं नाव लावून घेतलं.

आणि पंडित जसराज. इथे नंबर बघा, 300128. मागून वाचा, 28, 01, 30. पंडितजींचा जन्म 28 जानेवारी 1930. सप्टेंबर 2019 मध्ये हे जाहीर झालं, पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते गेले. मेवाती घराण्याचा गवई, मुंबईत राहिलेला, शांतारामबापूंचा जावई, आणि मंगळ आणि गुरूच्या मध्ये फिरतोय. पाचगणीला शिकलेला अजून एक गाणारा तिथे आहे, फ्रेडी मर्क्युरी, नंबर 17473, त्याच्या सत्तराव्या जयंतीला 2016 मध्ये नाव दिलं. बरं, ज्यांची नावं पेपरात येत नाहीत अशी आपली शाळेतली पोरं पण बरीच आहेत, विज्ञान स्पर्धेत अमेरिकेत बक्षीस मिळवलं की तिथली एक टीम त्यांनी शोधलेल्या लघुग्रहांना त्या मुलांची नावं द्यायची.

प्रश्न: गुरूच्या आगेमागे फिरणाऱ्या लघुग्रहांना ट्रॉयच्या लढाईतली नावं असतात म्हणे?
(इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, अमरावती)

हो. गुरूच्या कक्षेतच 60 अंश पुढे एक घोळका आणि 60 अंश मागे एक. पहिला 1906 मध्ये हायडेलबर्गच्या माक्स वोल्फला सापडला, त्याला ग्रीक पुराणातल्या ट्रॉय शहराच्या लढाईतल्या ग्रीक वीराचं, 'अकिलीस' नाव दिलं आणि तिथून छावण्याच पडल्या, पुढचे ग्रीक, मागचे ट्रॉयवाले. पण हा नियम ठरायच्या आधीच दोन नावं देऊन झालेली, त्यामुळे ग्रीकांचा पॅट्रोक्लस ट्रॉयच्या छावणीत आणि ट्रॉयचा हेक्टर ग्रीकांच्यात. पांडवांच्या तंबूत दुर्योधन झोपलाय असं समजा. नावं बदलली नाहीत, त्यांना गमतीत हेर म्हणतात. आता वीर संपत आले म्हणून 2018 पासून तिथल्या छोट्या लघुग्रहांना ऑलिम्पिक खेळाडूंची नावं द्यायची परवानगी आहे.

प्रश्न: कोड्यात टाकणारी काही नावं सांगा ना, इथे मंडळाच्या क्विझला हवीत.
(एक वाचक, दुबई)

सोपं आधी. 13579 चं नाव 'ऑलऑड' आणि 24680 चं 'ऑलइव्हन', आकडे बघा कळेल. 9007 'जेम्स बाँड', न सांगता कळेल. 3142 'किलोपाय', म्हणजे हजार गुणिले पाय, वर्तुळाच्या गणितातला तो 3.142 वाला.

मध्यम: 2037 'ट्रायपॅक्सेप्टॅलिस'. हा शब्द कुठल्याच डिक्शनरीत नाही. 679 नंबरच्या लघुग्रहाचं नाव 'पॅक्स', 291 चं 'अ‍ॅलिस'. 679 ची तिप्पट 2037, आणि 291 ची सातपट पण 2037. तीन पॅक्स, सात अ‍ॅलिस. कॅल्क्युलेटर काढा.

आणि अवघड, माझं सगळ्यात लाडकं. गुस्ताव्ह स्ट्राके म्हणून एक जर्मन खगोलशास्त्रज्ञ, आयुष्यभर लघुग्रहांच्या कक्षांची गणितं केली, हाताने. त्याने सांगून ठेवलं होतं की माझं नाव कुठल्याही लघुग्रहाला देऊ नका. आता काय करायचं? कार्ल राइनमुथ, त्याने शेकड्यांनी लघुग्रह शोधलेले, त्याने 1227 पासून 1234 पर्यंतच्या आठ लघुग्रहांना झाडाफुलांची नावं दिली, जेरेनियम, स्कॅबिओसा, टिलिया, रिसिया, ऑरिक्युला, कॉर्टुसा, कोब्रेसिया, एलिना. कोणाला काय संशय येणार, निरुपद्रवी फुलं. त्यांची इंग्रजी स्पेलिंगमधली पहिली अक्षरं ओळीने लिहा: जी, एस, टी, आर, ए, सी, के, ई. जी. स्ट्राके! आता 1019 नंबरचा लघुग्रह 'स्ट्रॅकिया' असा उघडउघड त्याच्या नावाचा आहेच, पण या आठ फुलांची सर त्याला नाही. क्विझमध्ये हा प्रश्न टाका आणि कोणालाच आला नाही तर मला कळवा.

प्रश्न: आमच्या ग्रुपवर मेसेज आलाय की 'विनाशाचा राक्षस' नावाचा दगड 2029 ला येतोय. खरं काय?
(निवृत्त पोस्टमास्तर, बारामती)

आजोबा, तो 99942 'अपोफिस'. इजिप्तच्या पुराणात अंधाराचा एक अजगर आहे, सूर्याला गिळायला टपलेला, आपल्या राहूचा लांबचा भाऊ समजा, त्याचं हे ग्रीक नाव. पृथ्वीजवळून जाणाऱ्यांना पुराणातली नावं द्यायची रीत आहे, त्यात 2004 मध्ये सापडला तेव्हा थोडे दिवस टक्कर होईल की काय अशी शंका होती, म्हणून हे भीतीदायक नाव चिकटलं. शंका केव्हाच फिटली, निदान पुढची 100 वर्षं धोका नाही. 13 एप्रिल 2029 ला तो जमिनीपासून साधारण 32 हजार किलोमीटरवरून जाईल, म्हणजे टीव्हीच्या सॅटेलाइटपेक्षाही जवळून. आपल्या घड्याळात तेव्हा 14 तारखेची पहाट असेल, आंबेडकर जयंतीची. मेसेज फॉरवर्ड करू नका.

आणि तुम्ही पोस्टातले म्हणून सांगतो, पाचवा लघुग्रह 'अ‍ॅस्ट्रिया' 1845 मध्ये शोधणारा हेन्के हा तुमच्याच खात्यातला, जर्मनीतला निवृत्त पोस्टवाला. चौथ्यानंतर 38 वर्षं कोणाला काही मिळालं नव्हतं, हा 15 वर्षं चिकाटीने बघत बसला आणि त्याला मिळाला.

प्रश्न: आमच्या मोत्याचं नाव देता येईल का? तो कुत्रा आहे पण घरातलाच आहे.
(दुसरीतली वाचक, ठाणे, आईने टाइप केलंय)

बाळा, तू शंभर वर्षं आधी विचारायला हवं होतंस. ट्रॉयच्या छावण्या सुरू करणारा तो माक्स वोल्फ होता ना, त्याच्याकडे दोन कुत्रे होते, पीटर आणि सेप. 1902 मध्ये त्याला दोन लघुग्रह मिळाले, त्याने नावं दिली 'पेट्रिना' आणि 'सेपिना'. नंबर 482 आणि 483. तेव्हा सगळ्यांचं स्त्रीलिंग करायची पद्धत होती म्हणून बिचाऱ्या कुत्र्यांचंही केलं.

मग 1985 मध्ये एका अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने त्याच्या मांजराचं नाव दिलं, 2309 'मिस्टर स्पॉक'. मांजराला ते नाव टीव्हीवरच्या टोकदार कानांच्या एका शांत, हुशार पात्रावरून ठेवलं होतं, म्हणजे मांजर पण तसंच होतं म्हणे. पण यावरून मोठी माणसं कुरकुरली आणि तेव्हापासून पाळीव प्राण्यांची नावं देऊ नका असं सांगून ठेवलंय. मला विचारशील तर वोल्फचे कुत्रे रात्रभर त्याच्याबरोबर जागत असतील तर त्यांचा हक्क बऱ्याच राजाराण्यांपेक्षा जास्त होता.

तर मोत्याचं नाव नाही चालणार. पण एक करता येईल. मराठीत 'मोती' म्हणजे दागिन्यातलाही मोती असतोच की, उद्या तू लघुग्रह शोधलास तर टिपणीत तेवढंच लिही, कुत्र्याचं आपण कोणाला सांगायचं नाही.